धुळीच्या कड्यावरून ग्रह ओळखता येतो का?

ग्रह दिसत नसताना नुसत्या धुळीवरून तो आहे असं कसं म्हणतात, आणि फोमलहॉट या ताऱ्याचा ग्रह ‘गायब’ झाल्यावर यावर विश्वास का ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय. शंका रास्त आहे.

मुळात जुन्या ताऱ्याभोवती धूळ उरायलाच नको. प्रकाशाचा दाब अगदी बारीक कण बाहेर ढकलतो, जरा मोठे कण हळूहळू ताऱ्याकडे सरकत जातात. तरी १९८३ मध्ये आयरास उपग्रहाला अभिजित ताऱ्याकडून अपेक्षेपेक्षा जास्त अवरक्त प्रकाश (डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेचा) मिळाला. तो ताऱ्याने तापवलेल्या धुळीचा होता. म्हणजे तिथे लघुग्रह नि धूमकेतू एकमेकांवर आपटून नवी धूळ पाडतायत. जवळपास ग्रह असेल तर या धुळीत फट पडते, तिचं कडं एका बाजूला सरकतं किंवा तिची चकती वाकते.

बीटा पिक्टोरिस या ताऱ्याची चकती आपल्याला कडेवरून दिसते. नव्वदच्या दशकात हबलच्या चित्रांत तिचा आतला भाग किंचित कललेला दिसला. कललेल्या कक्षेतला एखादा जड ग्रह हे करत असणार, असं गणितातून निघालं. मग खगोलशास्त्रज्ञ आन-मारी लाग्रांज यांच्या गटाला चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीच्या २००३ च्या चित्रांत ताऱ्याला खेटून एक ठिपका सापडला. तो पुढे दिसेना. २००९ च्या अखेरीस तो ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उगवला, आणि वाद मिटला. मागचा एखादा तारा असा फिरत नाही.

फोमलहॉटच्या कड्याचा मध्य ताऱ्यापासून साधारण १५ खगोलीय एककं (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) सरकलेला आहे. तिथे २००८ मध्ये पॉल कलास यांच्या गटाने ठिपका जाहीर केला, पण तो दृश्य प्रकाशात ठळक आणि अवरक्तात पत्ताच नाही. मोठा तरुण ग्रह स्वतःच्या उष्णतेने अवरक्तात चमकायला हवा. त्याची कक्षाही कड्याला छेदताना दिसत होती. जड ग्रहाने अशाने कडं विस्कटून टाकलं असतं. २०१४ च्या हबल चित्रांत ठिपका उरला नव्हता. २०२० मध्ये गास्पार आणि रीके यांनी तो टकरीतून उडालेला, पसरत गेलेला धुळीचा ढग असावा असं दाखवलं. कडं मात्र आजही सरकलेलंच आहे! म्हणजे सुगावा खोटा नव्हता, आरोपी चुकीचा धरला.

म्हणून नुसती फट दाखवून कुणी ‘ग्रह सापडला’ म्हटलं की मी थांबतो. अवरक्तात दिसला का, ताऱ्याबरोबर सरकतोय का, मागची आकाशगंगा तर नाही ना, एवढं तरी बघायचं. २०२५ मध्ये लाग्रांज यांच्याच गटाने जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या करोनाग्राफने (ताऱ्याचा झगमगाट झाकणाऱ्या उपकरणाने) टीडब्ल्यूए ७ या ताऱ्याच्या कड्यांमधल्या फटीत शनीएवढ्या वस्तुमानाचा उमेदवार दाखवला. ठिपका नेमका गणिताने सांगितलेल्या जागी आहे, त्यामुळे तो मला बराच पटतो. उलट अभिजितची चकती वेबला इतकी गुळगुळीत दिसली की तिथे मोठ्या ग्रहाची खूणच नाही. अभिजित आणि फोमलहॉट हे दोन्ही तारे वयाने, वजनाने सारखे, मग फोमलहॉटला कडी आणि अभिजितला नाहीत, हे कोडं मला जास्त छळतं.

घरच्या दुर्बिणीतून ग्रह विसरा. चकती मात्र न्यूझीलंडच्या रॉल्फ ओल्सेन या हौशी निरीक्षकाने २०११ मध्ये १० इंची दुर्बिणीने टिपली आहे; शेजारच्या तशाच ताऱ्याचं चित्र वजा करून बीटा पिक्टोरिसची झळाळी काढली. आपल्याकडून हा तारा जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी अगस्त्याच्या जरा पश्चिमेला, क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर येतो. दक्षिणेला शहराचा उजेड नसेल तर नुसत्या डोळ्यांनी सापडतो.