येवला–पैठण–महेश्वर : आठ साड्या आणि सव्वा किलोच्या आतली पिशवी

अगं थांब, कॅमेरा अजून ऑर्डर करू नकोस.

तुझा प्रश्न दोनदा वाचला. सहा दिवस, येवला–पैठण–महेश्वर, सोबत मैत्रीण, प्रवास एसटी आणि रेल्वेने, परत येताना इंदूरहून विमान, बरोबर आठ साड्या, हातात आयफोन १५, आणि विचारतेयस की सोनीचा झेडव्ही-ई१० हा मिररलेस (लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घेऊ का, गिंबल (शूट करताना फोन-कॅमेरा हलू न देणारा दांडा) घेऊ का, की दोन्ही. मी गेली सहा वर्षं साड्यांचेच व्हिडिओ करतेय, सुरुवातीला अगदी तुझ्यासारखीच यादी केली होती आणि पाठीवर साडेचार किलोचं गाठोडं घेऊन निघाले होते, त्यातलं निम्मं हॉटेलच्या खोलीतच पडून राहिलं. म्हणून जरा लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बस.

आधी हे बघ की वजन कशाचं आहे. आठ साड्या म्हणजेच पाच-सहा किलो, त्यातल्या दोन भरजरी असल्या तर अजून जास्त, शिवाय परकर, ब्लाउज, आणि येवल्याला जाऊन रिकाम्या हाताने परत येणारी बाई मी अजून पाहिली नाही. म्हणजे परतीचं वजन वाढणारच आहे. गॅजेटना उरतं काय, खांद्यावरची एक छोटी पिशवी. मी दर ट्रिपच्या आधी स्वयंपाकघरातला पीठ मोजायचा काटा काढते आणि एकेक वस्तू त्यावर ठेवते, घरचे हसतात, हसू देत. मागच्या वेळचा हिशोब वहीत आहे तो देते: ट्रायपॉड रिमोटसकट ३१० ग्रॅम, वायरलेस माइकचा सेट डबीसकट १५०, छोटा एलईडी लाइट १८०, १०,००० एमएएचची पॉवर बँक २१०, चार्जर १२०, केबली ६०, एसएसडी (व्हिडिओ साठवायची छोटी डिस्क) ५८, ग्रे कार्ड (रंग जुळवायला वापरायचं करडं कार्ड), लेन्स पुसायचं कापड वगैरे किरकोळ ४०. झाले ११२८ ग्रॅम. फोन वेगळा, तो तसाही हातात असतोच.

यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हलकी वस्तू ग्रे कार्ड, आणि नवीन मुली नेमकी तीच विसरतात.

का ते सांगते. तिसऱ्या वर्षी एका विणकराकडे एक सुंदर वांगी कलरची साडी शूट केली. खोलीत एका बाजूला खिडकीचं ऊन, डोक्यावर स्वस्तातला एलईडी बल्ब, फोन ऑटोवर. व्हिडिओ छान चालला, लोकांनी त्या काकांना फोन करून ऑर्डरी दिल्या. पंधरा दिवसांनी तीन साड्या परत आल्या, कारण माझ्या व्हिडिओत ती साडी चक्क निळी दिसत होती आणि मला ते कळलंच नव्हतं, मी प्रत्यक्ष पाहिलेली होती ना, त्यामुळे स्क्रीनवरही मला वांगीच दिसत होती! काका एका शब्दाने बोलले नाहीत, पण परतीचं कुरिअर त्यांनी खिशातून भरलं होतं. तेव्हापासून कुठलीही वस्तू पिशवीत टाकताना मी एकच विचारते, हिच्यामुळे साडीचा रंग खरा दिसायला मदत होते का. होत नसेल तर ती घरी राहते, मग कितीही भारी असो.

आता तुझ्याच फोनमध्ये काय करायचं ते. सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जा. एचडीआर व्हिडिओ (उजेड-अंधार जास्त खुलवणारा मोड) बंद कर, नाहीतर अपलोड झाल्यावर रंग कुठे भडक कुठे धुतल्यासारखे दिसतात. लॉक व्हाइट बॅलन्स चालू कर (उजेडाप्रमाणे फोन रंग जुळवत बसतो, तो व्हाइट बॅलन्स). तिथेच शो पाल फॉरमॅट्स असं एक बटण आहे ते पण चालू कर, त्यानेच २५ चा पर्याय दिसतो, आणि २५ फ्रेम्सवर (सेकंदाला २५ चित्रं) शूट कर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, ३० फ्रेम्सवर शूट केलंस की मागाच्या खोलीत व्हिडिओवर काळे पट्टे सरकताना दिसतात आणि ते एडिटिंगमध्ये धड जात नाहीत. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, त्यात शटर (एका चित्राला उजेड किती वेळ मिळतो ते) १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणि व्हाइट बॅलन्स आकड्याने फिक्स करता येतो. पहिल्या दिवशी डोकं फिरेल, दुसऱ्या दिवशी सवय होईल. आणि पदर उडतानाचा स्लो मोशन फक्त बाहेर उन्हात, बल्बखाली केलास तर डिस्को दिसेल.

ग्रे कार्ड वापरायचं म्हणजे काही मोठं शास्त्र नाही, प्रत्येक नव्या जागी साडीच्या निऱ्यांपाशी दोन सेकंद धरून एक क्लिप घ्यायची, घरी येऊन त्याच्यावरून रंग जुळवायचा. बस. खोलीत खिडकीचं ऊन असेल तर बल्ब बंद करायची विनंती करायची, दोन प्रकारचा उजेड एकत्र आला की कार्डही हात टेकतं.

लाल आणि राणी कलरची वेगळी कटकट आहे. फोनला हे रंग झेपत नाहीत, सगळा एकच भपका होतो आणि बुट्टी दिसेनाशी होते. स्क्रीनवर बोट दाबून धरायचं, फोकस लॉक झाला की ते सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढायचं. अंधारं वाटेल, वाटू दे. जरीसाठीही हेच, जरीची तार पांढरी फट्ट झाली की नंतर ती परत येत नाही. कोणीतरी तुला सीपीएल फिल्टर (लेन्सवर लावायची, चकाकी कमी करणारी काच) लावायला सांगेल, जरीची चमक कमी होते म्हणून. पाण्याची आणि काचेची होते गं, धातूच्या चमकेवर त्याचा फारसा उपयोग नाही. जरीवर उजेड समोरून मारायचा नाही, बाजूने येऊ द्यायचा, एवढंच.

धूपछाव साडी असेल (ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या) तर तिचा फोटो काढून उपयोगच नाही, कारण ती खरी दिसते हलताना. व्हाइट बॅलन्स लॉक, फोन ट्रायपॉडवर, आणि तू पदर हातावर घेऊन हळूच फिरव, हिरव्यातून जांभळा निघताना दिसतो तोच शॉट. ऑटोवर ठेवलंस तर फोन दर सेकंदाला स्वतःचा रंग बदलत बसतो आणि साडीचा बदल कुठला, फोनचा कुठला, कळत नाही.

म्हणूनच गिंबल नको म्हणतेय. तीन-चारशे ग्रॅम वजन, वेगळं चार्जिंग, प्रत्येक वेळी बॅलन्स करा, आणि साडीत कॅमेऱ्याने फिरायचंच नसतं, पदराने फिरायचं असतं. मिररलेसचं म्हणशील तर झेडव्ही-ई१० बॅटरी-कार्डसकट ३४३ ग्रॅम, किट लेन्स ११६, ऐकायला कमीच वाटतं, पण मागोमाग जादा बॅटऱ्या, चार्जर, कार्डं, कव्हर असं वऱ्हाड येतं. कॅमेरा वाईट आहे असं मुळीच नाही, माझ्याकडे आहे, स्टुडिओत मी तोच वापरते. पण एसटीतून उतरून अर्ध्या तासात साडी नेसून शूटला उभं राहायचं असतं तेव्हा तो माझ्या बॅगेतून बाहेरच येत नाही.

फोन कमरेच्या उंचीवर, २एक्स वर, आणि दूर उभं राहायचं. १एक्सवर जवळून घेतलंस तर काठ वाकडा दिसतो आणि पावलं भली मोठी. सेल्फी कॅमेरा नको, मागचाच, रिमोटने चालू कर आणि फ्रेम मैत्रिणीला बघायला सांग, ती येतेयच ना.

बारीक चौकडी किंवा रेघांच्या साडीवर स्क्रीनमध्ये लाटा उठल्यासारखं दिसतं, महेश्वरीत तर हमखास, तिच्या अंगात रेघा आणि चौकडीच जास्त. घाबरू नकोस, साडीत दोष नाही. दोन पावलं पुढे किंवा मागे हो, थोडी तिरकी उभी राहा, जातं.

माइकबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. साडीला खिसा नसतो. क्लिपवाला माइक पदराला लावलास तर एक तर रेशीम सतत चुरचुरतं, आणि दुसरं म्हणजे त्या क्लिपच्या दातात जरीची तार अडकते, माझी एका बांगडी मोराच्या (पैठणीची एक नक्षी) पदराची तार अशीच उपसली गेलीये, अजून कपाटात आहे, बघितलं की पोटात गोळा येतो. चुंबकवाला माइक घे आणि तो ब्लाउजच्या गळ्याला, चुंबक आतून, माइक बाहेरून, पदर नसलेल्या खांद्याच्या बाजूला लाव. आणि दुसरा माइक विणकर काकांना. मागावरच्या धोट्याचा खट-खट आवाज आणि त्यात मधेच त्यांचं बोलणं, याच्यापुढे कुठलंही ट्रेंडिंग गाणं फिकं आहे. फक्त माग चालू असताना प्रश्न विचारू नकोस, त्यांचा हात थांबतो, आणि हात थांबला की मजुरी बुडते. आधी विचारून घे, नवीन डिझाइन असेल तर काही जण शूट करू देत नाहीत, बरोबरच आहे त्यांचं. येवल्यात एक शॉट मात्र नक्की घे, हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून. मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. दहा सेकंदांचा शॉट, पण हातमागाची ओळख लोकांना त्याने जेवढी पटते तेवढी बोलून पटत नाही.

व्हेल्क्रो! केबली बांधायचे ते व्हेल्क्रोचे पट्टे साड्यांच्या आसपासही नकोत, रेशमाला लागले की गेलीच. मी केबली परकराच्या जुन्या नाडीने बांधते. हसू नकोस, दहा ग्रॅम पण नाही आणि फुकट. गॅजेट सुरक्षित राहावं म्हणून साड्यांच्या घडीत खुपसायचा मोहही आवर, साड्या मलमलमध्ये वेगळ्या आणि गॅजेटची पिशवी वेगळी. आणि पावसाळ्यात जाणार असशील तर फोन-एसएसडीला झिपलॉक.

लाइट एकच, हातात मावेल एवढा, पण घेताना सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वर आहे का ते बघ, नाहीतर परत माझ्या वांग्याचं निळं होईल. रिफ्लेक्टर विकत घेऊ नकोस, हॉटेलचा पांढरा टॉवेल मैत्रिणीच्या हातात दे.

चार्जिंगचं म्हणजे, तुझा फोन, माइक, लाइट, पॉवर बँक सगळं यूएसबी-सी असेल असंच घे, म्हणजे दोन पोर्टचा एक चार्जर आणि दोन केबली पुरतात. रेल्वेत रात्री चार्जिंग पॉइंट बऱ्याचदा बंद असतात, त्याच्या भरवशावर राहू नकोस. १०,००० एमएएच दोघींना कमी वाटली तर २०,००० ची घे, ती ७४ वॉट-अवरची होते आणि विमानात १०० पर्यंत चालते, पण ती केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये टाकलीस तर इंदूरला बॅग उघडायला बोलावतील. उन्हात फोन तापला की शूट करता करता चार्ज करू नकोस, कव्हर काढ आणि पाच मिनिटं सावलीत ठेव. फ्रिजमध्ये नाही हां, एकीने ठेवला होता.

स्टोरेजचा हिशोब सोपा आहे, ४के ३० फ्रेम्सला मिनिटाला साधारण १७० एमबी, २५ ला त्याहून थोडं कमीच. रोज ४० मिनिटं धरलीस तरी दिवसाला सात जीबीच्या आत, सहा दिवसांत चाळीसेक. ६० फ्रेम्सवर हेच मिनिटाला ४०० होतं, म्हणून उगाच ६० नको. रोज रात्री जेवायच्या आधी एसएसडीवर कॉपी, आणि एसएसडी मैत्रिणीच्या बॅगेत, फोनच्या बॅगेत नाही. दोन्ही एकाच पर्समध्ये ठेवलं तर बॅकअप कसला.

महेश्वरला सकाळी लवकर घाटावर जा. किल्ला आणि घाट नर्मदेच्या उत्तर काठावर, नदीकडे तोंड करून उभी राहिलीस की सूर्य डावीकडून आडवा येतो, बाजूचा उजेड म्हणत होते तो हाच, आणि तिथल्या साडीचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो तो दाखवायला याहून बरी वेळ नाही. किल्ल्याच्या दगडातली नक्षी आणि साडीचा काठ एकाच फ्रेममध्ये घेतलास तर वेगळं काही सांगावंच लागत नाही. वारा मात्र असतो. माझा ट्रायपॉड तिथे पायरीवरून फोनसकट आडवा झालाय, नशीब कोरड्या पायरीवर. ट्रायपॉडला मधोमध पाण्याची भरलेली बाटली पिशवीत घालून लटकव, वजन वेगळं न्यायला नको. आणि पैठणला जाता-येता वेरूळ वगैरे करणार असाल तर पुरातत्त्व खात्याच्या जागी ट्रायपॉडला परवानगी लागते, तिथे हातात धरूनच काय ते.

स्टीमर नेऊ नकोस. साडी आदल्या रात्री हँगरला टांगायची, आणि अगदीच चुरगळली असेल तर हॉटेलची इस्त्री, जरीवर सुती कापड टाकून, उलट्या बाजूने.

आणि हो, निघायच्या आधी घरीच एकदा सगळं लावून एक साडी पूर्ण शूट करून बघ, खिडकीपाशी एकदा आणि ट्यूबखाली एकदा, मग साडी हातात घेऊन व्हिडिओशी ताडून बघ. ग्रे कार्ड मिळालं नाही तर सांग, माझ्याकडे दोन आहेत, ठाण्याला येणं होत असेल तर एक घेऊन जा.