एका अस्वलाचे बावीस कागद

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. चित्रकलेत हात चांगला आहे. गेले काही महिने तिने स्वतःचं एक अस्वल तयार केलंय आणि त्याची शुभेच्छापत्रं करायची म्हणते. पण एका कार्डासाठी बावीस कागद खराब करते, तेच अस्वल पुन्हा पुन्हा काढते. सहा कार्डं छापून आणली, ती इतकी मळकट आली की दोन दिवस कोणाशी बोलली नाही. जिला एका झटक्यात जमत नाही, तिने यात करिअर करावं का? की छंदच बरा? – एक पालक

उत्तर :

नमस्कार,

"तेच अस्वल पुन्हा पुन्हा काढते" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही ते तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला मात्र सगळ्या पत्रात तेच सर्वांत आश्वासक वाटलं.

एक चित्र सुंदर काढणं आणि एक पात्र घडवणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिल्या कार्डावर अस्वल समोरून दिसेल, दुसऱ्यावर पाठमोरं, तिसऱ्यावर झोपलेलं, आणि तरी बघणाऱ्याने "अरे, हे तर तेच" असं म्हणायला हवं. त्यासाठी डोकं धडाच्या मानाने केवढं, कान नेमके कुठून सुरू होतात, दोन डोळ्यांत अंतर किती, हे सगळं एकदा पक्कं करावं लागतं. डोळे चेहऱ्यावर थोडे खाली आणि लांब लांब ठेवले की अस्वल पिल्लू दिसतं. तेच जरा वर घेऊन जवळ आणले की ते मोठं, थोडं कठोर वाटायला लागतं. मोठं डोकं, फुगरे गाल आणि खालच्या बाजूला बसलेले मोठे डोळे पाहिले की माणसाला माया वाटते, हे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी १९४३ साली मांडलं होतं. तुमची मुलगी तेच बावीस कागदांवर चाचपडत शोधते आहे. ते कागद कृपा करून टाकू नका. तारीख घालून एका फाइलमध्ये लावायला सांगा.

तिला एक कसोटी करून बघू द्या. अस्वलाची नुसती बाह्यरेषा ठेवून आतला सगळा भाग काळा करायचा. तरी ते तिचंच अस्वल म्हणून ओळखू येतंय का? येत नसेल, तर डोळ्यांवर आणि रंगांवर कितीही मेहनत घेतली तरी पात्र उभं राहत नाही. मग कॅरेक्टर शीट करायची, म्हणजे एकाच कागदावर समोरून, बाजूने, पाठीमागून आणि शेजारी पाच-सहा भाव. आणि खऱ्या अस्वलाचे व्हिडिओही बघायला सांगा. ते पूर्ण तळवा टेकवून चालतं, कुत्र्या-मांजरासारखं बोटांवर नाही. चालीतला तो जडपणा तिच्या अस्वलात उतरला की पात्राला वजन येईल. ब्रिटिश चित्रकर्ती बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांनी १८९० साली कार्डांसाठी विकलेली सशाची चित्रं स्वतःच्या पाळीव सशाला पाहून काढली होती.

आता मळकट आलेल्या कार्डांबद्दल. तिने स्वतःला दोष दिला असेल, म्हणून हे तिला वाचून दाखवा. स्क्रीनवर रंग प्रकाशातून तयार होतात, लाल, हिरवा आणि निळा यांच्या मिश्रणातून. छापखान्यात निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. स्क्रीनवर झगमगणारा पोपटी किंवा मोरपंखी या चार शायांतून तसाच्या तसा येऊच शकत नाही. त्यात कागद कोटिंग नसलेला असेल तर शाई शोषली जाते, ठिपके पसरतात आणि चित्र आणखी गडद होतं. यात तिच्या हाताची चूक नाही, हा धडा प्रत्येक चित्रकाराला एकदा मिळतोच. यापुढे फाइल सुरुवातीपासून छपाईचे रंग समोर ठेवून करायची, आणि सगळी कार्डं छापण्याआधी त्याच कागदावर एक प्रूफ, म्हणजे नमुना प्रत, काढून दिवसाच्या उजेडात बघायचं.

छपाईच्या आणखी काही गोष्टी तिने आत्ताच अंगवळणी पाडाव्यात. चित्र छापायच्या मापाला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, असावं. कापताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच, म्हणून पार्श्वभूमी कापायच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर वाढवायची, त्याला ब्लीड म्हणतात. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवायची. ती चार शायांत गेली आणि एक शाई जरा सरकली की अक्षराला सावली येते. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) जाड कागदाला घडीआधी क्रीझ, म्हणजे दाबून पाडलेली खाच, मारावी लागते आणि घडी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, दिशेने यावी लागते, नाहीतर घडीवर रंग तडकतो.

करिअरचं म्हणाल, तर नुसत्या शुभेच्छापत्रांवर घर चालवणं अवघड आहे. सुरुवातीची काही वर्षं मिळकत अनियमित असते, आणि यंत्राने बनवलेल्या चित्रांमुळे साच्यातली छोटी कामं कमी होऊ लागली आहेत. पण जिला पात्र घडवता येतं आणि ते छपाईपर्यंत नीट नेता येतं, तिला मुलांची पुस्तकं, पत्त्यांचे आणि बोर्डवरचे खेळ, स्टेशनरी, अ‍ॅनिमेशन अशी बरीच दारं उघडी असतात. बारावीनंतर उपयोजित कला किंवा व्हिज्युअल कम्युनिकेशनचा पदवी अभ्यासक्रम घ्यावा असं माझं मत आहे, कारण तिथे अक्षररचना आणि मांडणीही शिकायला मिळते, आणि ग्राफिक डिझाइनची नोकरी हा हाताशी आधार राहतो. काम देणारे मात्र पदवीआधी पोर्टफोलिओ बघतात. त्यात दहा-बारा उत्तम चित्रं पुरे, आणि त्यांच्यासोबत कच्च्या रेखाटनांची दोन पानं असावीतच.

एक गोष्ट मात्र तुम्ही, पालक म्हणून, लक्षात ठेवा. कोणी कार्डांसाठी अस्वल मागितलं, तर सही करण्याआधी करार नीट वाचा. ते एखाद्या वस्तूसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी वापरायची परवानगी मागताहेत, की सगळे हक्क कायमचे घेताहेत? हक्क दिले तर उद्या तेच अस्वल तिला स्वतःच्या वहीच्या मुखपृष्ठावरही विकता येणार नाही. पात्र घडवणाऱ्याची खरी कमाई ते पात्रच असतं.

पुढचे तीन महिने तिला एवढंच करू द्या : एक अस्वल, सहा कार्डं, सहाही एका संचातली वाटणारी, प्रूफ काढून छापलेली. अभ्यासाची वेळ ठरलेली असू द्या, या कामाचीही ठरवून द्या. तिसऱ्या-चौथ्या कार्डापाशी कंटाळा येईल. तिथे ती काय करते ते शांतपणे बघा, मध्ये पडू नका.

कार्डं आली की मला दोन संच पाठवा, आधीचा मळकट आणि हा नवा. सोबत त्या बावीस कागदांपैकी जे उरले असतील तेही.