ख्रिस्तप्रसाद घेऊनही काहीच वाटत नाही, तेव्हा

‘ख्रिस्तप्रसाद स्वीकारते, पण मनाला काहीच जाणवत नाही, तो मला लाभत नसेल का?’ ही शंका मी समुपदेशक म्हणून श्रद्धावान कॅथोलिकांकडून वरचेवर ऐकतो. ख्रिस्तप्रसाद म्हणजे मिस्सा या उपासनाविधीत येशूचे शरीर म्हणून स्वीकारली जाणारी पवित्र भाकर. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एका बाईंची हकिगत सांगतो.

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची शुश्रूषा त्या एकट्याने करीत. मिस्सा कधी चुकवीत नसत. मात्र इतर लोक ख्रिस्तप्रसादासाठी रांगेत उभे राहत, तेव्हा त्या बाकावरच बसून राहू लागल्या होत्या.

‘एखादे गंभीर पाप मनाला टोचते आहे का?’ मी विचारले. तसे असल्यास आधी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापांची कबुली, हा ख्रिस्तसभेचा नियम आहे आणि तेथे समुपदेशकाने धर्मगुरूंची जागा घेऊ नये.

‘फादरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, खुशाल स्वीकारा. पण रविवारी स्वीकारायचा आणि सोमवारी सासूबाईंनी चादर ओली केली की त्यांच्यावर ओरडायचे, हे ढोंग नाही का?’

ख्रिस्तप्रसाद म्हणजे चांगल्या वागणुकीचे बक्षीस, ही समजूत फार जुनी आहे. सतराव्या शतकात जॅन्सेनवाद्यांनी (कॅथोलिकांमधील एका कठोर विचारप्रवाहाच्या अनुयायांनी) पात्रतेच्या अटी इतक्या कडक केल्या की भाविक वेदीपासून दूर राहू लागले. पोप दहावे पायस यांच्या काळातील १९०५ च्या आदेशाने, गंभीर पापापासून मुक्त असलेल्या आणि शुद्ध हेतूने येणाऱ्या प्रत्येकाला रोज ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्याची वाट मोकळी केली. हा संस्कार परिपूर्ण माणसांचे पारितोषिक नसून दुर्बळांचे औषध व पोषण आहे, असे पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ मध्ये लिहिले. बाईंनी हे सारे ऐकून घेतले, पण चेहऱ्यावरचा ताण तसाच राहिला.

पुढच्या एका भेटीत मी त्यांना बायबलच्या जुन्या करारातील एलीया या संदेष्ट्याची कथा वाचायला दिली. जीव नकोसा होऊन तो रानात झुडपाखाली झोपतो आणि देवदूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी देतो.

‘खाल्ल्यावर एलीयाने काय केले?’

त्यांनी ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचले. ‘परत झोपला.’

‘देवदूत रागावला?’

‘नाही. पुन्हा उठवून खा म्हणाला.’ बऱ्याच वेळाने त्या सावकाश बोलल्या, ‘मी ओरडते, पण चादर बदलते. रोज बदलते. त्यांना टाकून जावे, असे एकदाही मनात आले नाही.’

त्या क्षणी मी मुद्दाम गप्प राहिलो, कारण उत्तर त्यांना स्वतःलाच सापडले होते. भाकर खाऊन एलीयाला आनंद झाला, असे शास्त्रलेख म्हणत नाही. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस व चाळीस रात्री होरेब पर्वतापर्यंत चालला, एवढेच सांगतो. माणसाला काय वाटले यापेक्षा त्याच्याने काय निभावले, हे मी नेहमी आधी पाहतो आणि श्रद्धेच्या प्रश्नातही ही दृष्टी खरी ठरते, याचे मला समाधान आहे.

हीच शंका असणाऱ्यांनी ख्रिस्तप्रसादानंतर मनाची चाचपणी करीत बसू नये. दोन मिनिटे आभार मानावेत आणि रात्री झोपण्यापूर्वी, दिवसभरात कोणते ओझे आपल्याकडून निभावले गेले, ते आठवावे. ‘प्रभो, माझी योग्यता नाही’ हे शब्द आपण स्वीकारण्याच्या अगदी आधी म्हणतो (धर्मगुरूही ते आपल्याबरोबर म्हणतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही), तेव्हा अपात्रतेची जाणीव हे मागे फिरण्याचे कारण होऊ शकत नाही. मात्र झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल आणि उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांना भेटण्यात कसूर करू नये.

या बाईंच्या बाबतीत थकवाही खरा होता. त्यांनी नणंदेला आठवड्यातून दोन दिवस येण्यास सांगितले आणि त्या पुन्हा रांगेत उभ्या राहू लागल्या. ओरडणे कमी झाले आहे, अजून थांबलेले नाही.