शंका-समाधान : अर्ध्यावर राहिलेले गेम

प्रश्न : मी अंबाजोगाईच्या एका सेवा केंद्रात संगणकाचे काम करतो. रात्री जेवणानंतर जो दीड तास मिळतो, त्यात गोडो इंजिनवर (गेम बनवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरवर) गेम बनवण्याचा छंद मला काही वर्षांपासून आहे. देवगिरी किल्ल्यावर मोठा गेम करायचा आणि त्यात यादवकाळ, तुघलकाने राजधानी हलवली तो काळ आणि निजामशाही, शिवाय खंदक, अंधारी (किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग), बाजार, संवाद आणि लढाया असे सगळे यावे, अशी इच्छा आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एका माणसाने एकट्याने बनवला, हे वाचून मी सुरुवात केली होती. प्रत्यक्षात दोन-तीन महिने उत्साहात जातात, मग काहीतरी अडते, नवी कल्पना सुचते आणि मी दुसराच गेम सुरू करतो. लॅपटॉपमध्ये अर्धवट गेमचे ढीगभर फोल्डर साठले आहेत. वडील म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ माझ्यात चिकाटीच नाही का?

उत्तर : दिवसभराचे काम आटोपून वर्षानुवर्षे रात्री कोड लिहिणाऱ्या माणसाला चिकाटी नाही असे म्हणवत नाही. माझ्या मते घोडे अडले आहे ते कामाच्या आकारापाशी. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बरोन यांनी एकट्याने बनवला आणि तो २०१६ साली आला, हे खरेच आहे. पण त्यासाठी त्यांनी सुमारे साडेचार वर्षे, पूर्णवेळ नोकरी न करता, दिवसाचा बहुतेक वेळ दिला. रोजचे आठ ते दहा तास धरले, तर तुमच्या दीड तासाच्या हिशेबाने तेवढेच काम चोवीस ते तीस वर्षांचे होते. तुमच्या यादीतला ‘बाजार’ हा एक शब्द घ्या. त्यात वस्तू आल्या, त्यांची चित्रे आली, किमती आल्या, खरेदी-विक्रीचा पडदा आला, शिवाय गेम बंद करून पुन्हा उघडल्यावर पिशवीत काय होते हे लक्षात ठेवण्याची सोय आली. तीन कालखंड म्हटले की हे सगळे तीनदा आले.

दोन-तीन महिन्यांनीच का अडते, याचेही कारण आहे. सुरुवातीला पडद्यावरचा माणूस चालू लागतो, उडी मारतो, खंदकात पडतो, आणि रोज रात्री काहीतरी नवे दिसते. पुढे ज्यात डोळ्यांना काहीच नवे दिसत नाही असे काम सुरू होते : खेळ सेव्ह करणे, मध्येच थांबवण्याची सोय, आवाज कमी-जास्त करणे, निरनिराळ्या मोबाइलच्या पडद्यांवर बटणे नीट बसवणे, माणूस भिंतीत अडकतो तो का हे शोधणे. नेमकी याच वेळी नवी कल्पना गोड वाटते, कारण तिच्यातले कंटाळवाणे काम अजून समोर आलेले नसते. म्हणून नवी कल्पना सुचली की ती वहीत तारीख घालून लिहा आणि हातातला गेम लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत ती वही उघडू नका.

आता माझी सूचना ऐकून कदाचित वाईट वाटेल, पण ती मी मनापासून करतो आहे. देवगिरीतली फक्त अंधारी घ्या. डोंगर कोरून काढलेला तो काळोखा, वळणावळणांचा, उंचसखल पायऱ्यांचा भुयारी मार्ग हाच एक उत्तम गेम आहे. हातात मशाल, तिचा हळूहळू कमी होणारा उजेड, फसवी वळणे आणि वरच्या टोकाशी शत्रूला गुदमरवण्यासाठी केलेला धूर, एवढ्यावर दहा मिनिटांचा खेळ उभा राहतो. पडदा बहुतेक काळाच असल्याने चित्रे थोडी लागतात आणि पावलांचा घुमणारा आवाज बरेचसे काम करून जातो. एकाच बोटाने खेळायचा, एकाच युक्तीवर चालणारा गेमही जगभर पोहोचू शकतो, हे व्हिएतनामच्या डाँग न्युएन यांच्या २०१३ सालच्या ‘फ्लॅपी बर्ड’ने दाखवले आहेच.

पहिल्याच आठवड्यात सुरुवातीचा पडदा, ‘खेळ संपला’ हा पडदा आणि बाहेर पडण्याचे बटण करून टाका; मधल्या भुयाराला तेव्हा दोनच वळणे असली तरी चालेल. त्यानंतर तुमचा गेम कधीही अर्धवट नसेल, फार तर छोटा असेल, आणि कोणत्याही दिवशी थांबलात तरी तो दुसऱ्याच्या हाती देता येईल. तुम्ही शेजारी नसताना दुसऱ्याला जो सुरू करता येतो, खेळता येतो आणि संपवता येतो, तो गेम पुरा झाला असे मी मानतो. महिनाभरात तो घरातल्या एखाद्या भाच्या-पुतण्याच्या मोबाइलवर टाका आणि काही न सांगता नुसते पाहत बसा. तो ज्या वळणावर तीनदा मागे फिरेल, तिथे काय चुकले हे तुम्हाला आपोआप कळेल.

शेवटची तारीखही आधीच ठरवा, दिवाळीचा पाडवा म्हणा हवे तर. आणि काम मागे पडू लागले तर तारीख न हलवता वळणे कमी करा. ‘लुडुम डेर’ या २००२ पासून चालत आलेल्या उपक्रमात आणि २००९ पासून होणाऱ्या ‘ग्लोबल गेम जॅम’मध्ये ४८ तासांत गेम उभा करण्याची प्रथा पडली आहे, आणि तिचा मोठा लाभ हाच, की काय वगळायचे हे तिथे शिकावेच लागते. अशा एखाद्या उपक्रमात एकदा तरी भाग घ्या. जुने फोल्डर पुसू नका, त्यांतला चालण्याचा आणि उजेडाचा कोड अंधारीत कामी येईल. वडिलांच्या हाती मात्र पहिला पुरा झालेला गेम नक्की द्या.

प्रश्न : मी नांदेडची. तंत्रनिकेतनात असताना मैत्रिणीबरोबर सारीपाटाचा मोबाइल गेम करायला घेतला होता. कोड माझ्याकडे आणि चित्रे तिच्याकडे होती. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि चित्रे येणे बंद झाले. तिची वाट पाहावी, की काम सोडून द्यावे?

उत्तर : दोन्ही करू नका. नव्या नोकरीत आणि नव्या शहरात तिला रात्री चित्र काढण्याचे त्राण उरत नसेल, तर त्यात तिचा काही दोष नाही. पण हे ती आपणहून बोलणार नाही. तुम्हीच फोन करा. झालेली चित्रे वापरू द्यावीत, श्रेयनामावलीत तिचे नाव राहील आणि पुढचे चित्रकाम तिच्याकडून अपेक्षित नाही, एवढे बोलून घ्या आणि तेच मेसेजवर लिहूनही ठेवा. पुढेमागे गेममधून चार पैसे मिळाले तर वाटणी कशी करायची, हेही आत्ताच ठरलेले बरे, कारण मैत्री तुटते ती सहसा अशा न बोललेल्या गोष्टींवरून.

सारीपाटाला चित्रे लागतात तरी किती? अधिक-चिन्हासारखा पट, चार रंगांच्या सोंगट्या आणि कवड्या किंवा फासे. पट आणि सोंगट्या साध्या चौकोन-वर्तुळांनी सुबक होतात. बटणे, चौकटी अशा गोष्टींसाठी नेदरलँड्समधील ‘केनी’ या संकेतस्थळावरचे संच मोफत मिळतात आणि ते वापरताना नाव देण्याचीही अट नाही. इतरत्र मिळणाऱ्या मोफत चित्रांच्या अटी मात्र प्रत्येक वेळी वाचून घ्या.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. जोडाक्षरे ओळखण्याचा छोटा गेम मी गोडोवर जवळजवळ पूर्ण केला आहे, पण पडद्यावर वेलांट्या चुकीच्या जागी जातात आणि जोडाक्षरे फुटतात. शिवाय प्ले स्टोअरवर तो कसा टाकायचा, हे कळत नसल्याने काम तिथेच थांबले आहे.

उत्तर : तुमच्याकडे बहुधा गोडोची ३ क्रमांकाची आवृत्ती असावी. देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरे नीट जोडण्याची सोय २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून आहे. मूळ फोल्डरची प्रत वेगळी ठेवा, प्रतीवर नवी आवृत्ती चालवा आणि ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हा फॉन्ट गेममध्येच घाला. दोन्ही फॉन्ट मोफत आहेत. आवृत्ती बदलताना काही कोड दुरुस्त करावा लागेल, पण छोट्या गेमला ते जड नाही.

प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. पुष्कळ हौशी लोक इथेच थकतात, म्हणून सहशिक्षक आणि पालक मिळून पंधरा-सोळा जणांची यादी आजच करा, म्हणजे एक-दोघे मध्येच गळाले तरी आकडा खाली येणार नाही. तोवर वर्गातल्या मुलांना थांबायला लावू नका. गोडोमधून वेबची प्रत काढून ती ‘इच डॉट आयओ’ या गेमच्या संकेतस्थळावर विनाशुल्क ठेवली, की मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गेम उघडतो. चाचणीचे दिवस शाळा सुरू असताना येतील असे पाहा, कारण उन्हाळ्याच्या सुटीत पालकांना गाठणे अवघड जाईल.