आईच्या गुडघ्यांसाठी दीड हजारांची नी कॅप घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय ६४ आहे, जिना उतरताना दोन्ही गुडघे दुखतात, सकाळी थोडा वेळ आखडतात आणि लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात 'तांब्याचे धागे असलेली' दीड हजारांची नी कॅप दाखवली. एवढे पैसे घालू नका. साधी, विणलेली, नीट मापाची नी कॅप त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते आणि तेवढंच काम करते. किंमत एका पायाची की जोडीची, हे मात्र आधी विचारा.

नी कॅपने गुडघ्याला ऊब मिळते. कातडीवर हलका दाब असला की पाय किती वाकलाय याची जाणीवही जास्त स्पष्ट होते, म्हणून पाऊल टाकताना भरवसा वाटतो आणि दुखणं थोडं कमी जाणवतं. झिजलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरची मऊ गादी) ती भरून काढत नाही, सांध्यावरचा भारही उचलत नाही. तांब्याने किंवा मॅग्नेटने जास्त फरक पडतो याला भरवशाचा पुरावा नाही.

पैसे वाया जातात ते चुकीच्या मापामुळे. आईला उभं करून टेपने वाटीच्या मधोमध घेर मोजा. काही कंपन्या मांडीचा घेरही विचारतात, तेव्हा त्यांच्याच तक्त्याप्रमाणे मोजा. 'एल' प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. सैल नी कॅप चार पावलांत पोटरीवर घसरते. घट्ट असली तर वरची कड मांडीत रुतते आणि खाली पाय सुजतो. कडेखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. दुकानातच घालून चालायला, खुर्चीत बसून उठायला सांगा. गुडघ्यामागे जाड शिवण असेल तर वाकताना तिथेच चिमटा बसतो, ती घेऊ नका. निओप्रिन (जाड, रबरासारखं कापड) जास्त ऊब देतं, पण पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये त्यात घाम साचून पुरळ येतं. रोजच्यासाठी विणलेलीच बरी.

ती चालताना, जिन्यावर, बाजारात जाताना घालावी. झोपताना काढायचीच. पायाला मुंग्या आल्या, बोटं गार किंवा निळसर पडली तर लगेच काढा. गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. उन्हात इलॅस्टिक लवकर मरतं.

उपचारांबद्दल डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शनातही झिजेच्या संधिवातात असे पट्टे सरसकट देऊ नका, व्यायाम हा मुख्य उपचार, असंच म्हटलंय. तेव्हा उरलेले पैसे फिजिओथेरपिस्टच्या एक-दोन भेटींवर घाला. तोवर हे सुरू करता येईल: पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून टॉवेल खाली दाबायचा, ५ सेकंद धरायचं, सोडायचं. प्रत्येक पायाचे १०, दिवसातून दोनदा. श्वास रोखायचा नाही. ते जमलं की खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. दुखलं तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, म्हणजे गुडघा कमी वाकतो. फरक पडायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि नेमके तिसऱ्या आठवड्यात लोक कंटाळून सोडतात. आईंना सोडू देऊ नका. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. पर्वतीच्या पायऱ्या सध्या नकोत, सपाटीवर चाला.

गुडघा एका बाजूला लचकत असेल, पाय वाकडा होत चालला असेल तर नी कॅप पुरत नाही. तिथे बाजूला बिजागरी असलेला ब्रेस लागतो आणि तो ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी ठरवावा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाच घट्ट पट्टा नको. गुडघा लाल, गरम होऊन सुजला, मध्येच अडकला किंवा एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.