पाच किलोमीटर खोलवरच्या वाळूत करिअर होतं का?

पत्र थोडक्यात असं: "आम्ही वणीजवळ राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी नागपूरला भूशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आता म्हणते, खूप खोल गाडल्या गेलेल्या वालुकाश्मातल्या तेलसाठ्यांचा अभ्यास करायचाय. मला यातलं काही कळत नाही. गाड्या विजेवर चालायला लागल्या, मग तेलाचं शिकून करायचं काय? मुलीच्या जातीला समुद्रातल्या रिगवर पाठवायचं का? यांचं म्हणणं, सरळ बी.एड. करून घे. शिवाय एका खासगी विद्यापीठाचं 'ऑइल अँड गॅस एमबीए'चं माहितीपत्रक घरी आलंय, फी लाखांत आहे. काय करावं?"

ताई, नमस्कार.

बी.एड. आणि माहितीपत्रकाकडे नंतर वळू. आधी तुमची लेक नेमकं काय शिकायचं म्हणतेय ते बघू. ते कळलं की तुमची निम्मी काळजी मिटेल. उरलेली निम्मी खरी आहे, आणि ती मी लपवणार नाही.

जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. तेल पुष्कळदा असतं वाळूच्या कणांमधल्या फटींत, तेही ती वाळू दगड, म्हणजे वालुकाश्म, झाल्यानंतर. नदीच्या मुखाशी नुकत्याच साचलेल्या वाळूत साधारण ४० ते ४५ टक्के जागा मोकळी असते. वर गाळ चढत जातो, वाळू खाली खाली जाते आणि कण एकमेकांत घट्ट बसत जातात. पहिले दोन-अडीच किलोमीटर हे नुसतं दाबण्याचं काम चालतं. पुढे उष्णतेचा अंमल सुरू होतो. खोली एक किलोमीटरने वाढली की तापमान साधारण ३० अंशांनी वाढतं. ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे खडकातल्या पाण्यात विरघळलेली सिलिका क्वार्ट्झच्या कणांवर नव्या क्वार्ट्झच्या रूपात बसू लागते. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. तापमान वाढेल तसा हा वेगही झपाट्याने वाढतो. कोट्यवधी वर्षं हे चाललं की फटी बुजतात. म्हणून पाच किलोमीटर खाली, १५० अंशांच्या पुढे, बहुतेक वालुकाश्मांत दहा टक्केसुद्धा मोकळी जागा उरत नाही. तिथे तेल शोधायला जाणं म्हणजे पैसे पाण्यात, असंच एके काळी समजलं जायचं.

पण काही वालुकाश्म हा नियम पाळत नाहीत. अमेरिकेत लुइझियानाच्या भूमीखाली टस्कलूसा नावाचा क्रिटेशस काळातला, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातला, वालुकाश्म आहे. पाच-सहा किलोमीटर खोलवरही त्यात काही ठिकाणी २० टक्क्यांहून जास्त मोकळी जागा सापडली. नॉर्वेच्या किनाऱ्यापलीकडे हाल्टनबँकन या भागात ज्युरासिक वालुकाश्मांत असंच दिसलं. कारण सूक्ष्मदर्शकाखाली सापडलं. प्रत्येक कणावर क्लोराइट या हिरवट, लोहयुक्त चिकणमातीच्या खनिजाचा काही मायक्रॉन जाडीचा थर होता. फणस कापण्याआधी आमच्या कोकणात हाताला तेल चोळतात, मग चीक चिकटत नाही. तसा हा थर. नव्या क्वार्ट्झला बसायला जुन्या क्वार्ट्झचा उघडा पृष्ठभाग लागतो. तोच झाकलेला असेल तर फट तशीच राहते. थर अर्धवट असेल तर मात्र उपयोग नाही. जिथे कण उघडा, तिथून क्वार्ट्झ वाढतोच.

मग तो थर कुठे येतो आणि कुठे येत नाही? तुमची लेक जे शिकू पाहतेय त्याचं मर्म या प्रश्नात आहे. नदीनं आणलेलं लोह समुद्राच्या खाऱ्या पाण्याला जिथे भेटतं, अशा त्रिभुज प्रदेशांतल्या आणि खाड्यांतल्या वाळूत त्याची शक्यता जास्त. वाळूत ज्वालामुखी खडकांचे तुकडे असतील तर त्यांच्या विघटनातूनही क्लोराइट तयार होतं. म्हणजे आज पाच किलोमीटर खाली तेल मिळेल की नाही, हे त्या वाळूचा कण कोणत्या डोंगरातून आला आणि कोणत्या किनाऱ्यावर विसावला, यावर ठरतं. मला स्वतःला भूशास्त्रातल्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत देखणा वाटतो. तुमच्या लेकीला त्याची ओढ वाटली असेल तर तिची नजर चांगली आहे.

दुसरी बाजूही सांगतो. मोकळी जागा असणं वेगळं आणि तिच्यातून तेल-वायू वाहणं वेगळं. पहिलीला सच्छिद्रता म्हणतात, दुसरीला पारगम्यता. साधारण १२०-१४० अंशांच्या पुढे केओलिन आणि पोटॅश फेल्डस्पार या दोन खनिजांच्या अभिक्रियेतून इलाइट नावाचं खनिज तयार होतं. त्याचे केसांसारखे तंतू फटींच्या तोंडाशी जाळं विणतात. जागा जवळपास तेवढीच राहते, वाट मात्र बंद होते. नॉर्वेचं क्रिस्टिन क्षेत्र बघा. २००५ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. साठ्यातला दाब सुमारे ९०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास ९०० पट, आणि तापमान १७० अंशांच्या आसपास. त्या वेळी नॉर्वेच्या समुद्रात विकसित झालेल्या दुसऱ्या कोणत्याही क्षेत्रात एवढं नव्हतं. खडकाचा दर्जा एकंदर चांगला. तरी गार्न नावाच्या थराची पारगम्यता कमी आणि खालच्या दोन थरांत प्रवाहाला अडसर, त्यामुळे उत्पादन सुरू झाल्यावर दाब वेगाने उतरला. एवढा खर्च करून असं होतं, म्हणूनच कंपन्या विहीर खोदण्याआधी दगड वाचू शकणारा माणूस शोधतात.

आपल्याकडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. आंध्रच्या किनाऱ्यापलीकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, पाच किलोमीटरच्या आसपास खोलीवरच्या वालुकाश्मांत, गुजरात सरकारच्या पेट्रोलियम कंपनीला वायू सापडला. २००५ मध्ये जाहीर झालेला आकडा होता २० लाख कोटी घनफूट. वर्तमानपत्रांचे मथळे मी पाहिलेत. दीनदयाळ म्हणून ओळखलं जाणारं हे क्षेत्र उच्च दाबाचं, उच्च तापमानाचं, आणि खडक घट्ट, पारगम्यता कमी. उत्पादन त्या आकड्याच्या जवळपासही गेलं नाही. २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या ओएनजीसी या तेल कंपनीने तिथला ८० टक्के हिस्सा विकत घेतला. वायू तिथे नव्हता असं नाही. तो बाहेर यायला तयार नव्हता. आकडा जाहीर करायला नेते असतात. तो खरा की खोटा हे सांगायला असे अभ्यासक लागतात, आणि आपल्या देशात ते फार नाहीत.

मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राचं नाव तुमच्या कानावर असेल, म्हणून एक खुलासा. १९७४ ला सापडलेलं ते क्षेत्र मुख्यतः चुनखडकातलं आहे, आणि एवढं खोलही नाही. म्हणजे महाराष्ट्राच्या दारातलं तेल तुमच्या लेकीच्या विषयात बसत नाही. कृष्णा-गोदावरी मात्र बसतं.

आता तेलाची गरज संपण्याबद्दल. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. ही गरज तुमच्या लेकीच्या नोकरीच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत नाहीशी होईल असं मला वाटत नाही. खोल समुद्रातल्या आणि उच्च दाब-तापमानाच्या साठ्यांतल्या वायूला २०१६ पासून केंद्र सरकार चढ्या दराची मुभा देतं, ती याच कारणाने. माझी भीती वेगळी आहे. हा धंदा झोके घेतो. जून २०१४ मध्ये बॅरलला ११० डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आलं, आणि जगभर भूशास्त्रज्ञांना घरी बसवलं गेलं. एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकेतल्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला. ज्यानं नेमकं अशा वर्षी पदवी घेतली, त्याची हुशारी दोन-तीन वर्षं कुणाच्या कामाची नसते. काळजी करायचीच असेल तर विजेच्या गाड्यांपेक्षा या झोक्याची करा.

यावर उपाय आहे. वालुकाश्माच्या फटी वाचण्याचं कौशल्य तेलापुरतं नाही. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली कायमचा साठवायचा तर तोही बहुतेक वालुकाश्माच्याच फटींत जातो. नॉर्वेनं स्लाइप्नर या समुद्रातल्या वायुक्षेत्रात हे १९९६ पासून केलंय. नॉर्वेच्याच नॉर्दर्न लाइट्स प्रकल्पानं २०२५ मध्ये समुद्रतळाखाली सुमारे २६०० मीटरवरच्या योहान्सन वालुकाश्मात साठवण सुरू केली. तिथेही प्रश्न तोच, फटी किती आणि एकमेकींना जोडलेल्या किती. भूऔष्णिक ऊर्जेचंही तसंच. म्हणून लेकीला सांगा की विषयाचं नाव 'पेट्रोलियम' धरू नकोस, 'गाळाचे खडक आणि त्यांचं गाडलं गेल्यानंतरचं रूपांतर' असं धर. इंग्रजीत त्याला डायजेनेसिस म्हणतात, तिला तो शब्द ठाऊक असेलच. काम तेच, पण अर्ज करायला दारं जास्त.

रिगबद्दल. भूशास्त्रज्ञाला रिगवर जावं लागतं, विशेषतः सुरुवातीची वर्षं. ओएनजीसीच्या समुद्रातल्या कामात साधारण चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी, अशी पाळी असते. खाण कायद्यातली स्त्रियांच्या रात्रपाळीवरची बंदी २०१९ मध्ये लेखी संमती आणि सुरक्षेच्या अटींवर शिथिल झाली. तेलविहिरीही त्याच कायद्याखाली येत. मुली जातात, काम करतात. पण तुमच्या लेकीला जे आवडलंय ते काम रिगवर होतच नाही. विहिरीतून काढलेल्या दगडाच्या नळकांडीचा, म्हणजे कोअरचा, निळा रेझिन भरलेला थिन सेक्शन, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतका पातळ छेद, करायचा. सूक्ष्मदर्शकाखाली एका छेदावर दोन-तीनशे बिंदू मोजायचे: हा क्वार्ट्झ, हा फेल्डस्पार, ही निळी फट. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, क्ष-किरण विवर्तन, मग ते सगळं विहिरीच्या लॉगशी, म्हणजे विहिरीत उपकरणं सोडून घेतलेल्या नोंदींशी, जुळवणं. हे काम ओएनजीसीच्या डेहराडूनमधल्या केशवदेव मालवीय संस्थेत चालतं; पनवेलच्या ओएनजीसी संकुलातही प्रयोगशाळा आहेत. पाठ दुखते आणि डोळे शिणतात, धोका म्हणाल तर एवढाच. दिवसभर खुर्चीत बसून बिंदू मोजणं तिला जमेल का, हा प्रश्न रिगपेक्षा मोठा आहे. अनेकांना ते दोन महिन्यांत नकोसं होतं.

याची परीक्षा तुमच्या दारात घेता येते. तुम्ही वणीला राहता, म्हणजे गोंडवाना खडकांच्या प्रदेशात. कोळशाच्या वरचा तो लालसर-पिवळा कामठी वालुकाश्म तिनं पाहिला असेलच. परवानगी काढून पाच-सहा ठिकाणचे नमुने आणायचे, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत छेद करून घ्यायचे आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्यावरच करायचा: कणांमध्ये सिमेंट कशाचं, लोहाचं की सिलिकाचं, आणि फटी किती उरल्या. यात रमली तर विषय तिचा. कंटाळली तर तेही वेळेत कळलं.

रमली, तर पुढची वाट एम.एस्सी.ची. जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा भूशास्त्राचा पेपर देऊन आयआयटी मुंबई, खरगपूर, रुरकी, धनबादची आयएसएम इथे जाता येतं; पदवीला कोणते विषय लागतात ते प्रत्येक संस्थेच्या पात्रतेत नीट वाचा, गणित-रसायन सोडलेली मुलं इथेच अडतात. नंबर नाही लागला तर नागपूर किंवा पुणे विद्यापीठाचा विभागही चालेल, मात्र तिथे प्रबंधासाठी गाळाच्या खडकांवर काम करणारे मार्गदर्शक धरायचे. ओएनजीसी आणि ऑइल इंडियाची भरती कधी गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर होते, कधी वेगळ्या संगणकीय परीक्षेने, म्हणून गेट द्यायचीच आणि जाहिरातींवर लक्ष ठेवायचं. त्याच अभ्यासावर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देता येते. आणि तेलाचं काही जमलं नाही तरी नागपूर हे भूशास्त्रज्ञांचंच शहर आहे: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय, खनिजांचा शोध घेणारी सरकारी कंपनी एमईसीएल, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, सगळं तिथेच. पुण्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही जिल्ह्याजिल्ह्यांत भूवैज्ञानिक नेमते.

त्या एमबीएला नाही म्हणा. दगड न वाचता तेलाचं व्यवस्थापन शिकलेल्या मुलाला मंदीत सर्वांत आधी नारळ मिळतो, आणि कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. नोकरीत चार-पाच वर्षं काढल्यावर कंपनीच्या खर्चाने करायचं असेल तर खुशाल करू दे.

बी.एड.बद्दल तुमच्या यजमानांचा हेतू मी समजू शकतो, पण भूशास्त्र हा शाळेचा विषय नाही. काही मोजक्या कनिष्ठ महाविद्यालयांत तो शिकवला जातो. तिला शिकवायचंच असेल तर एम.एस्सी.नंतर नेट-सेट देऊन महाविद्यालयात जाणं शहाणपणाचं. बी.एड. पुढेही करता येतं, त्याला वयाची घाई नाही. जॅमचा अर्ज मात्र साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतो आणि परीक्षा फेब्रुवारीत असते, तिथे घाई करा.

आणखी एक. पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या. सोबत खनिजशास्त्र आणि गाळाचे खडक या दोन्ही प्रात्यक्षिकांचे गुण, बारावीला गणित होतं की नाही, आणि महाविद्यालयात थिन सेक्शन करायचं यंत्र चालू स्थितीत आहे का, हे कळवायला सांगा. त्यावरून जॅमची तयारी या वर्षी करायची की एक वर्ष घ्यायचं, ते सांगता येईल.