अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्याने कामगार संघटनेचे सभासदत्व नाकारले, तरी त्याच्या पगारातून संघटनेचे शुल्क कापता येते का?

नाही. २७ जून २०१८ पासून कर्मचाऱ्याच्या स्पष्ट संमतीशिवाय असे शुल्क कापता येत नाही. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या अबूड खटल्यातील निकालानुसार, संघटना सभासद नसलेल्यांच्याही वतीने वाटाघाटी करते म्हणून त्या खर्चाचा वाटा त्यांच्याकडून सक्तीने घेता येत असे. राजकीय प्रचाराचा खर्च मात्र नाही. ही सीमारेषा कागदावर जितकी सोपी दिसते तितकी व्यवहारात नव्हती. २०१६ मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया यांच्या निधनामुळे याच मुद्द्यावर त्या न्यायालयात ४-४ अशी मतांची बरोबरी झाली आणि जुना नियम तेवढ्यापुरता तरला.

इलिनॉय राज्याचे कर्मचारी मार्क जेनस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी अबूडचा निकाल रद्द केला. न्यायमूर्ती अलिटो यांच्या मते, जिथे सरकारच मालक असते तिथे पगार आणि निवृत्तिवेतनाच्या वाटाघाटी याही सार्वजनिक धोरणाविषयीची अभिव्यक्ती ठरतात, आणि न पटणाऱ्या अभिव्यक्तीसाठी पैसे द्यायला लावणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीचा भंग होतो. न्यायमूर्ती केगन यांचा विरोधी निकाल अवश्य वाचावा. चार दशके ज्या नियमावर असंख्य करार उभे राहिले तो मोडण्याबद्दलचा त्यांचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो.

खासगी क्षेत्राला हा निकाल लागू नाही. तिथे उत्तर मुख्यतः त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते.